वस्तऱ्याच्या मुठीतले शिसे

गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या मातीवर वसलेल्या परभणी जिल्ह्याच्या गावगाड्याविषयी जे कागद आपल्याकडे उरले आहेत, त्यांत पाटील-देशमुखांची वतने आहेत, इनामांच्या सनदा आहेत, शेतसाऱ्याचे हिशेब आहेत, तंट्यांचे निवाडेही आहेत. परंतु ज्या हत्यारांवर बलुतेदारांच्या पिढ्यांचा चरितार्थ चालला, त्या हत्यारांची नोंद घेण्याची गरज कोणत्याही दफ्तराला वाटली नाही. सुताराचा वाकस, चांभाराची रापी, कुंभाराचे चाक आणि न्हाव्याचा वस्तरा ही सर्व साधने मालकाबरोबर झिजली आणि बहुतेक मोडीतच गेली. त्यांपैकी वस्तरा हे साधन मात्र आकाराने लहान, घडी होणारे आणि पेटीत सहज राहणारे असल्यामुळे आजही अनेक घरांतून सापडते. अलीकडे जुन्या वस्तूंचा शोध घेणारी तरुण मंडळी ते मोठ्या आस्थेने बाहेर काढून, गंज घासून पूर्ववत करू पाहत आहेत. ही आस्था मला मोलाची वाटते, आणि मोलाची वाटते म्हणूनच या हत्याराच्या मुठीत दडलेल्या एका धातूविषयी विस्ताराने लिहिणे अगत्याचे झाले आहे.

मराठवाड्यात न्हाव्याला वारीक म्हणण्याची रूढी आहे. काखेत धोपटी अडकवून तो सकाळी घरोघर फिरे. त्या कातडी धोपटीत वस्तरा, कातर, नराणी, फणी, आरसा, पाण्याची वाटी, निसणा आणि धार परजण्यासाठी चामड्याचा पट्टा एवढाच त्याचा संसार असे. लिंबाच्या पारावर किंवा वाड्याच्या ओसरीवर गिऱ्हाईक उकिडवे बसे, केस पाण्याने भिजवून बोटांनी चांगले मुरवले जात आणि मग वस्तरा चाले. त्याबद्दल रोख पैसा क्वचितच मिळे. सुगीच्या वेळी खळ्यावर ज्वारीच्या राशीतून ठरलेले माप, पेंढ्या आणि सणासुदीची पोळी हेच त्याचे बलुते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथात मुंबई इलाख्यातील खेड्यांच्या निमित्ताने या व्यवस्थेचे जे काटेकोर चित्र काढले आहे, त्याचा सांगाडा निझामाच्या मुलखातील परभणीलाही बव्हंशी लागू पडतो. कारण राज्यकर्ता बदलला, दफ्तराची भाषा फारसी जाऊन उर्दू झाली, निझामाचे दिवाण सालारजंग यांच्या १८६५ च्या जिल्हाबंदीनंतर वसुलाचा कारभार तालुकदार आणि तहसीलदार यांच्या हाती गेला, तरी गावाच्या वेशीच्या आत बलुत्याचे माप होते तेच राहिले.

या मापाच्या मोबदल्यात वारकाकडून केवळ हजामत अपेक्षित नसे. बाळाचे जावळ त्याने काढायचे, लग्नात नवरदेवाची दाढी त्याने करायची, पिकलेले गळू त्याने फोडायचे. मुसलमान वस्त्यांत सुंतेचे कामही हजामाकडेच असे. माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी नदीकाठी पुरुषांचे क्षौर करण्याचा मानही त्याचाच. संत जनाबाईंचे जन्मस्थान म्हणून वारकऱ्यांना पूज्य असलेले गंगाखेड गोदेच्या काठी आहे आणि तिथल्या घाटांवर उत्तरक्रियेसाठी दूरदूरची माणसे येत आली आहेत. म्हणजे जन्मानंतरचा जावळाचा संस्कार आणि मृत्यूनंतरचा विधी या दोन्ही टोकांना एकच पाते फिरत होते. महिपतींच्या ‘भक्तविजया’त सेना महाराजांची जी कथा आहे, तीत प्रत्यक्ष पांडुरंग भक्ताची धोपटी काखेत मारून बादशहाची हजामत करावयास जातो. नाभिक समाज श्रावण वद्य द्वादशीला सेना महाराजांची पुण्यतिथी पाळतो. ज्या हत्याराला समाजाने हलके काम सोपवले, ते हत्यार देवाच्या हाती देणारी ही कथा या व्यवसायाच्या स्वाभिमानाचे केवढे मोठे अधिष्ठान असेल, याची कल्पना बाहेरच्या माणसाला सहज येणार नाही.

त्याच पात्याने विधवांचे केशवपनही होत असे, हे मात्र विसरून चालणार नाही. १८९० साली मुंबईत सत्यशोधक चळवळीतील नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी एकत्र येऊन विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असा निर्धार केला. हातावर पोट असलेल्या माणसांनी, मिळकतीवर पाणी सोडून, आपल्या हत्याराचा एक उपयोग स्वतःच निषिद्ध ठरवला, ही घटना महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात आज मिळते त्याहून पुष्कळ अधिक जागा मिळण्याच्या योग्यतेची आहे.

आता खुद्द हत्याराकडे वळू. गावच्या लोहाराने घडवलेला वस्तरा पिढ्यान्‌पिढ्या चालतच होता. परंतु एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील शेफील्ड शहरचा माल मुंबई बंदरात उतरू लागला आणि उत्तम धारेची नवी कसोटी हिंदुस्थानातील न्हाव्यांपुढे आली. १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन याने मुशीत पोलाद वितळवून ते एकजीव करण्याची कृती सिद्ध केल्यापासून शेफील्डच्या पात्यांना जगात तोड उरली नव्हती. जोसेफ रॉजर्स, वेड अँड बुचर अशी नावे पात्याच्या बुडख्यावर ठोकलेली असत. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा गोदावरी खोऱ्याचा लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू होऊन सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही स्थानके गजबजली आणि बैलगाडीने येणारा मुंबईचा माल आगगाडीने येऊ लागला. कापूस बाहेर जाई आणि बदल्यात कापड, रॉकेल, कातऱ्या, चाकू, वस्तरे आत येत. विलायती वस्तऱ्याची किंमत निझामाच्या हाली सिक्क्यात मोजावी लागे. धान्यात बलुते घेणाऱ्या माणसाला रोख रक्कम साठवणे सोपे नव्हते, म्हणून असा वस्तरा बापाकडून लेकाकडे जाई.

असा एखादा जुना विलायती वस्तरा हाती घेऊन पाहावा. पात्याचे पोट दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेले, पाठ जाड, बुडख्यावर कारखान्याचा ठसा. ठशाशेजारी राणी व्हिक्टोरियाच्या नावाची आद्याक्षरे असली, तर तो १८३७ ते १९०१ या काळातला समजावा. मूठ म्हणजे शिंगाच्या दोन पातळ पट्ट्या. एका टोकाला पितळी खिळीभोवती पाते फिरते आणि दुसऱ्या टोकाला या पट्ट्या एकमेकींपासून दूर राहाव्यात म्हणून त्यांच्यामध्ये एक निमुळती पाचर बसवलेली असते. मूठ बोटांवर तोलली, तर ते टोक अनपेक्षित जड लागते. बाजूने पाहिले, तर दोन काळ्या पट्ट्यांच्या मध्ये निस्तेज करड्या रंगाची रेघ दिसते, आणि पुष्कळदा शिंग व धातू जिथे भिडतात तिथे पांढुरकी भुकटी साठलेली असते. ही पाचर शिशाची असते. सर्वच वस्तऱ्यांत ती नसते, हाडाच्या, लाकडाच्या किंवा पितळेच्या पाचरीही सापडतात; परंतु एकोणिसाव्या शतकातील शेफील्डच्या शिंगी मुठींत शिसे इतके सर्रास आढळते, की करडी आणि जड पाचर दिसली म्हणजे ती शिशाचीच मानून वागावे, हेच शहाणपणाचे.

कारागिरांनी शिसे का निवडले, हे कळण्यास फार तर्क लढवावा लागत नाही. एक घन सेंटिमीटर शिसे ११.३४ ग्रॅम भरते, तर तेवढेच पोलाद ८ ग्रॅमच्या आत भरते. त्यामुळे इवल्याशा पाचरीने पात्याचा भार तोलला जातो आणि हातात वस्तरा स्थिर राहतो. शिवाय ते मऊ असल्यामुळे भोक पाडण्यास, खीळ ठोकून पट्ट्यांशी घट्ट बसवण्यास सोपे, आणि ३२७ अंश सेल्सिअसला वितळत असल्यामुळे साध्या शेगडीवर ओतण्यास स्वस्त. शेफील्डच्या शेजारीच डर्बीशायरच्या डोंगरांत शिशाच्या जुन्या खाणी होत्या. त्या शहरात सहाणेवर कोरडी पाती घासणारे कामगार दगडाच्या आणि पोलादाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होऊन तरुणपणीच मरत, याची नोंद तिथल्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच केली होती. मराठवाड्यातील पारावर जी धार इतकी हळुवार चाले, तिच्यासाठी सातासमुद्रापार कोणी तरी आपला श्वास गमावला होता.

गोदेच्या खोऱ्याला शिसे नवे नव्हते. परभणीच्या वरच्या अंगाला, याच नदीच्या तीरावर, प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण येथे राजधानी असलेल्या सातवाहनांनी शिशाची नाणी पाडली आणि ती दख्खनच्या बाजारांत चालली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात भडोच बंदरी उतरणाऱ्या मालात तांबे व कथलाबरोबर शिशाचाही उल्लेख आहे, आणि त्याच वृत्तात पैठणहून भडोचकडे जाणाऱ्या मौल्यवान दगडांचीही नोंद आहे. रोमन लेखक प्लिनी तर हिंदी लोक रत्ने आणि मोती देऊन शिसे घेतात असेच लिहून ठेवतो. पुढे हेच शिसे आपल्या घराघरांत निरनिराळ्या रूपांनी वावरले. गावोगावच्या मारुतीला चढणारा पारंपरिक शेंदूर हे शिशाचेच भस्म, रंगाऱ्याचा सफेदा हे शिशाचेच रूप, औषधी लेपांतला मुरदाडशिंग तोच. लबाड कल्हईवाला कथलात भेसळ करी तीही याचीच, आणि मराठी ग्रंथ ज्या खिळ्यांनी छापले गेले त्या खिळ्यांतही मुख्य धातू शिसेच. आयुर्वेदाने त्याला नाग हे नाव देऊन शोधनावाचून पोटात न घेण्याची ताकीद दिली होती. त्याचे विषारीपण आपल्या परंपरेला अज्ञात नव्हते, हे त्यावरून उघड आहे.

मग ज्या वारकांनी आयुष्यभर शिशाची पाचर मुठीत वागवली, त्यांना काय अपाय झाला? धातुरूप शिसे अखंड कातडीतून शरीरात जवळजवळ शिरत नाही. त्याचा अपाय होतो तो धूळ श्वासावाटे गेल्याने, वितळवताना उठणाऱ्या वाफेने, आणि सर्वांत अधिक हाताला लागलेला अंश तोंडात गेल्याने. वारीक रोज निसण्यावर आणि चामड्यावर पाते परजे, पाण्याने धुई, कोरडे करी, क्वचित तेलाचे बोट फिरवी. त्याची सारी निगा धारेपुरती होती. मुठीला तो कधी कानस लावीत नसे. खीळ सैल झाली तर ऐरणीवर धरून हलक्या हातोडीचे दोन ठोके देई आणि काम भागवी. शिसे जिथे होते तिथे स्वस्थ पडून राहिले. म्हातारपणी हात कापू लागलेल्या एखाद्या कारागिराला त्याचा अंश बाधला असेलच तर ते आज सांगता येणार नाही, पण त्याच्या कामाच्या रीतीत धूळ उडवण्याला जागा नव्हती एवढे निश्चित.

धोका उत्पन्न झाला तो हत्यार कामातून सुटून छंदाच्या मेजावर आल्यावर. पहिली चूक स्वयंपाकघरातच सुरू होते. पितळेची भांडी चिंचेने, लिंबाने लखलखीत करण्याची आपल्या घरांची रीत उत्तम आहे. म्हणून गंजलेला वस्तराही कोणी चिंचेच्या कोळात किंवा व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवतो. आंबट द्रव्य गंज तर काढतेच, परंतु पाचरीतले शिसेही विरघळवते, आणि सकाळी ते पाणी मोरीत ओतले जाते, वाटी खरकट्यात जाते. व्हिनेगरने शिशाचा जो क्षार बनतो तो चवीला गोड असतो, त्यामुळे लहान मुलाच्या बाबतीत तो अधिकच घातक. असा वस्तरा कधीही कोणत्याही आम्लात बुडवू नये. दुसरी चूक पॉलिश कागदाची. मूठ चकचकीत करण्याच्या भरात शिंग, पितळी चकत्या आणि शिसे एकाच दमात कोरडे घासले जाते, आणि जी करडी भुकटी मेजावर पडते ती फुंकर मारून उडवली जाते. ती फुंकर म्हणजे शिशाची धूळ घरभर पेरणे. विजेवर फिरणारे घासयंत्र तर इथे वर्ज्यच समजावे.

काम करावयाचेच असेल तर रीत अशी. आरंभी धारेवर आणि पाचरीच्या टोकावर दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी गुंडाळून टाकावी, म्हणजे पात्याचा गंज काढताना शिशाला हात लागत नाही. पात्यावर तेलात भिजवलेला बारीक कागद चालवावा. बुडख्यावरचा ठसा मात्र कदापि घासू नये, कारण वय सांगणारा पुरावा तोच. पाचरीवरची पांढरी भुकटी हा शिशाचा कार्बोनेट होय. तो खरवडायचा नसतो. तेलात किंचित भिजवलेल्या कापसाने टिपून घ्यायचा आणि कापूस लगेच पिशवीत बंद करायचा. मग स्वच्छ, कोरड्या पाचरीवर मेणाचा किंवा पातळ चपड्याचा हात दिला की हवा आणि ओल यांच्यापासून ती सुरक्षित राहते, आणि वस्तरा हाताळणाऱ्याच्या बोटांनाही शिसे लागत नाही. हे सर्व जुन्या वर्तमानपत्रावर, हातमोजे घालून करावे. तोंडाला पंचा बांधून शिशाची बारीक धूळ अडत नाही. धूळ उडण्याचा संभव असेल तर एन-९५ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा मुखपट्टा हवा, आणि केरसुणीऐवजी ओले फडके हवे. काम चालू असताना पान, तंबाखू, चहा यांपैकी काहीही जवळ असू नये. उठताना हात साबणाने व वाहत्या पाण्याने धुवावे, कारण हात निर्जंतुक करणाऱ्या द्रवाने जंतू मरतात, शिसे निघत नाही. गर्भवती स्त्रिया आणि मुले यांनी त्या खोलीत येऊ नये.

मुलांविषयी इतका आग्रह धरण्याचे कारण आहे. पोटात गेलेल्या शिशाचा जेवढा भाग प्रौढाचे शरीर शोषते, त्याच्या चौपट-पाचपट भाग लहान मूल शोषते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि कोणतीही मात्रा निर्धोक मानता येत नाही असेही बजावते. २०२० साली युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या अहवालाने जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात दर डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसे असल्याचा अंदाज मांडला. त्यांपैकी सुमारे २७ कोटी ५० लाख मुले भारतातील. यात वस्तऱ्यांचा वाटा नगण्य असणार, जुन्या बॅटऱ्या फोडणाऱ्या भट्ट्या आणि भेसळीचे रंग हे खरे अपराधी. तथापि ज्या देशातील मुलांच्या वाट्याला आधीच इतके विष आले आहे, तिथे हौसेने त्यात कणभरही भर घालण्याचा अधिकार कोणाला असू नये.

पाचर काढून टाकून नवी बसवावी काय, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. माझे मत स्पष्ट आहे: पाचर अभंग असेल तर ती काढू नये. तिला बाहेर काढण्यासाठी खिळीचे डोके कानसावे लागते, शिंगाला चीर जाण्याची भीती असते, आणि जे शिसे शंभर वर्षे निश्चल होते ते नेमके त्या खटाटोपात मोकळे होते. शिवाय ती पाचर हा त्या हत्याराच्या घडणीचा पुरावा आहे. ती गेली की वस्तऱ्याचा तोलही बदलतो. पाचर फुगून पट्ट्या फाकल्या असतील, किंवा वस्तरा पुन्हा रोज वापरावयाचा असेल, तरच हाडाची वा पितळेची नवी पाचर करावी, आणि जुने शिसे भट्टीत किंवा चुलीवर न वितळवता, केरात न टाकता, झाकणाच्या डबीत बंद करून बॅटऱ्यांचे शिसे घेणाऱ्या नोंदणीकृत कारखान्याकडे द्यावे.

या वस्तऱ्यांचा व्यवसाय संपला तो क्रमाक्रमाने. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निझामाची राजवट गेली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. रोखीचे व्यवहार वाढले तसे बलुत्याचे माप आखडत गेले, १९७२ च्या दुष्काळाने खळीच ओस पडली आणि अनेक वारीक कुटुंबांनी तालुक्याच्या गावी खुर्ची-आरशाचे दुकान मांडले. किंग जिलेटने १९०४ साली पेटंट घेतलेली सुटी पाती तोवर घराघरांत पोहोचली होतीच. पुढे एड्सच्या भीतीने गिऱ्हाईक दर वेळी नवे पाते मागू लागले, तेव्हा अर्धे पाते बसवण्याचा नवा वस्तरा दुकानात आला आणि परजण्याची विद्या अनावश्यक ठरली. निसणे कोपऱ्यात पडले, चामड्याचे पट्टे उंदरांनी खाल्ले, वस्तरे पेटीत गेले.

पेटीतून निघणाऱ्या या वस्तऱ्यांची आता जिल्ह्यातच कोठे तरी व्यवस्थित नोंद व्हावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. ते ओकच्या किंवा तत्सम लाकडाच्या बंद कपाटात ठेवू नयेत, कारण अशा लाकडातून निघणारी आम्ल वाफ शिशाला खाते, हे युरोपातील संग्रहालयांना फार नुकसान सोसून कळले आहे. सेल्युलॉइडच्या मुठीही जुन्या झाल्या की आम्ल वाफ सोडतात, म्हणून त्या शिंगी मुठींपासून वेगळ्या ठेवाव्यात. प्रत्येक वस्तऱ्याबरोबर एक कागद असावा: कोणत्या गावचा, किती घरांचे बलुते त्या कुटुंबाकडे होते, पाते कोठून आले, शेवटचे केव्हा परजले. ज्या माणसांची नावे दफ्तरात कधी चढली नाहीत, त्यांच्याविषयी एवढे तरी त्यांच्या नातवंडांच्या तोंडून आज लिहून घेता येते, आणखी वीस वर्षांनी येणार नाही. आणि त्याच कागदाच्या माथ्यावर, वस्तरा पुढे ज्याच्या हाती जाईल त्याला प्रथमदर्शनी दिसेल अशा ठसठशीत अक्षरांत लिहावे, की मुठीतली पाचर शिशाची आहे, तिला कानस अथवा आम्ल लावू नये.